जनरल पेंडरची पत्रे : एका अर्ध्या संवादाचे वाचन

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांनी घरी धाडलेल्या पत्रांत विल्यम डॉर्सी पेंडरने पत्नी फॅनी हिला लिहिलेली पत्रे विशेष मोलाची आहेत. नॉर्थ कॅरोलायनाचा हा तरुण १८५४ साली वेस्ट पॉइंट येथून उत्तीर्ण झाला. १८६१ साली त्याने संघराज्याच्या सैन्यातील अधिकारपद सोडले आणि मे १८६३ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, तो दक्षिणेच्या सैन्यात मेजर जनरल झाला. ही पत्रे विल्यम हॅसलर यांनी संपादून १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

लष्करी इतिहासाच्या अभ्यासकाला या संग्रहात कूच, मुक्काम, बढत्या आणि वरिष्ठांविषयीची मते आढळतात. तथापि त्याचे खरे मोल अन्यत्र आहे. फॅनीची उत्तरे बहुतांशी नष्ट झाली आहेत. त्यामुळे तिचे बोलणे पतीच्या उत्तरांतूनच ताडावे लागते. १८६१ च्या जूनमध्ये एका मेजवानीतील स्त्रीशी आपण केलेल्या थट्टामस्करीचे वर्णन पेंडरने पत्नीला मोठ्या निःशंकपणे कळविले. फॅनी अतिशय दुखावली, आणि त्यानंतरची पत्रे क्षमायाचनेने भरून गेली. छावणीतल्या सेनापतीहून हा पती निराळाच दिसतो. पुढे तिला पुन्हा दिवस गेल्याचे कळताच, हे टळते तर बरे होते असे तो लिहितो आणि लगोलग ईश्वरेच्छेचा आधार घेतो. प्रसूतीचे भय बाळगणाऱ्या स्त्रीला त्या आधाराने किती दिलासा मिळाला असेल, हा प्रश्नच आहे.

परंतु अशा वाचनास एक मर्यादा आहे, व ती बहुधा दुर्लक्षिली जाते. पतीला ज्या आक्षेपांची उत्तरे द्यावीशी वाटली, तेवढेच आक्षेप अभ्यासकाच्या कानी पडतात. त्याहून गाढ मौन निराळेच आहे. पेंडरच्या तंबूत जो नावाचा गुलाम सेवेस होता. पत्रांत त्याचा उल्लेख येतो तो घरातील चाकराचा यावा तितक्या सहजपणे. ज्या व्यवस्थेच्या रक्षणार्थ दक्षिणेने शस्त्र उचलले ती या पती-पत्नींना विचारार्ह वाटतच नव्हती, एवढे त्यावरून स्पष्ट होते; मात्र जोचे म्हणणे कोणत्याही पत्रात नाही.

१८६३ च्या उन्हाळ्यात ली याच्या सैन्याने पेनसिल्व्हेनियावर स्वारी केली. परमुलखावरील चढाईस ईश्वराचा आशीर्वाद लाभणार नाही, असे फॅनीचे मत होते. २८ जूनच्या पत्रात पेंडर शिपायांच्या कुचीचे कौतुक करतो : दिवसाला पंधरा-वीस मैल चालूनही कोणी मागे पडत नाही. ईश्वराने उभयतांना वृद्धपणापर्यंत एकमेकांसाठी राखावे, अशी प्रार्थनाही त्यात आहे. चारच दिवसांनी, २ जुलै रोजी, गेटिसबर्ग येथे तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या मांडीत घुसला. व्हर्जिनियातील स्टॉन्टन येथे पाय कापावा लागला आणि १८ जुलै रोजी तो मरण पावला. त्याचा तिसरा मुलगा त्यानंतर जन्मास आला.