प्रकाशसाह्य दंतशुभ्रीकरण

दातांना हायड्रोजन पेरॉक्साइडचा जेल लावून त्यावर हॅलोजन दिवा, एलईडी किंवा डायोड लेझर यांचा प्रकाश सोडायचा आणि दातांचा रंग उजळवायचा, या पद्धतीला प्रकाशसाह्य दंतशुभ्रीकरण म्हणतात. रंग उजळतो तो पेरॉक्साइडमुळे. ते दंतवल्कातून, म्हणजे दाताच्या कठीण कवचातून, आतल्या दंतिनापर्यंत झिरपते आणि तेथील रंगद्रव्यांचे मोठे रेणू फोडते. प्रकाशाने व उष्णतेने ही क्रिया वेग घेईल, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे. मात्र दिव्याच्या निळ्या झोतामुळे रुग्णाची जी खात्री पटते, तिला पुराव्याचा तेवढा आधार नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा उपचार निवडण्यापूर्वी दात कशाने काळवंडले आहेत हे पाहणे अगत्याचे आहे. मशेरी, तंबाखू, गुटखा, पानातला कात आणि चहा यांचे डाग बव्हंशी दाताच्या पृष्ठभागावर व कीटणावर बसलेले असतात. ते यंत्राने कीटण काढून व पॉलिश करून निघतात, त्यासाठी ना पेरॉक्साइड लागते ना दिवा. पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे बालपणीच दंतवल्कात उमटलेले पांढरे वा तपकिरी चट्टे ही वेगळी बाब असून, शुभ्रीकरणाने ते व उरलेला दात यांच्या रंगातील तफावत कमी होते, पण चट्टे पूर्णपणे जातीलच असे नाही.

दवाखान्यातील उपचारात ओठ व गाल बाजूला धरणारी चौकट बसवून हिरड्यांवर राळेचा संरक्षक थर दिला जातो आणि सामान्यतः २५ ते ४० टक्के तीव्रतेचा जेल काही मिनिटांच्या फेऱ्यांत लावला जातो. तोंड इतका वेळ उघडे राहिल्याने, शिवाय दिव्याच्या उष्णतेने, दात कोरडे पडतात आणि कोरडा दात मुळातच अधिक पांढरा दिसतो; म्हणून उपचार संपताच दातांच्या छटा दाखवणाऱ्या पट्टीशी केलेली तुलना फसवी ठरते व पुढील काही दिवसांत रंग थोडा मागे येतो. खरा परिणाम एक-दोन आठवड्यांनी मोजावा. अनेक चाचण्यांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात दिवा वापरलेल्या व न वापरलेल्या गटांच्या रंगबदलात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. १९८९ साली हेवुड व हेमन यांनी मांडलेली, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड दातांवर बसणाऱ्या साच्यात घालून रात्री वापरण्याची पद्धत (यातून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते) सावकाश चालते, पण टिकाऊपणात ती कमी नाही, खर्चाचा विचार करता तीच अधिक पटण्याजोगी आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. दातांना थंड-गरम लागणे हा सर्वांत सामान्य त्रास बहुधा काही दिवसांत शमतो. दिव्यामुळे तो वाढतो असे २०१२ च्या एका विश्लेषणात दिसले, तर २०१८ च्या विश्लेषणात तसा फरक आढळला नाही. उष्णतेची मर्यादा मात्र दृष्टीआड करता येत नाही: झॅक व कोहेन यांच्या १९६५ च्या माकडांवरील प्रयोगात दंतगराचे, म्हणजे दाताच्या आतील सजीव गाभ्याचे, तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सियसने वाढल्यावर १५ टक्के दातांचा गाभा निकामी झाला. अतिनील किरण सोडणाऱ्या दिव्यांनी ओठ, त्वचा व डोळ्यांना इजा होऊ शकते, त्यामुळे रक्षक चष्मा व ओठांचे आच्छादन आवश्यक ठरते. जेल गळून हिरडीवर आला तर ती पांढरी पडून भाजल्यासारखी झोंबते.

भारतात दंतवैद्यकीय व्यवसायासाठी नोंदणीची अट १९४८ च्या कायद्याने घातली. सौंदर्यगृहातील अप्रशिक्षित हातांनी तीव्र पेरॉक्साइड हाताळणे धोक्याचे आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार ०.१ ते ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची उत्पादने केवळ दंतवैद्यांनाच विकता येतात, पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली व्हावा लागतो आणि १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी ती वर्ज्य आहेत. कीड, तडे किंवा उघडी पडलेली मुळे असल्यास आधी त्यांवर उपचार करावे लागतात. कॅप व दातांच्या रंगाचे भरण पेरॉक्साइडने उजळत नाहीत, त्यामुळे पुढच्या दातांत ती असल्यास नव्या रंगाशी जुळवण्यासाठी नंतर बदलावी लागतात, आणि तेही लगेच नव्हे, कारण दातात उरलेला ऑक्सिजन नव्या भरणाची पकड काही काळ ढिली ठेवतो.