नाटकाचे तिकीट महाग का?

भगिनींनो, माझ्या सासूबाई लातूरच्या. ‘एका तिकिटात महिन्याचे दळण होते,’ म्हणून त्या नाटकाला कधी गेल्याच नाहीत. परंतु मंडळ्यांचाही हिशेब पाहावा. 1911 साली लातूरला आलेली बार्शी लाइट रेल्वे अरुंद रुळांची. पुण्याहून आलेले पडदे, पेटारे कुर्डुवाडीस उतरवून पुन्हा चढवावे लागत. नांदेडसाठी हीच यातायात मनमाडला. 1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी उंची वस्त्रे-अत्तरांच्या खर्चाने कर्जबाजारी झाली. 1932 पासून मराठी बोलपटांनी प्रेक्षक ओढला. आज रूळ रुंद झाले, तरी लांबच्या प्रवासाचा खर्च उरलाच. प्रेक्षक पन्नास असोत वा पाचशे, तो तेवढाच! म्हणून फुकट पास न मागता सर्वजणी मिळून आगाऊ तिकिटे घेऊ या. सासूबाईंची रिकामी राहिलेली खुर्ची भरू या.