थंड समुद्रातील कॉड माशाचे प्रजनन : लाखो अंडी, तरी साठा का घटतो?

कॉड (शास्त्रीय नाव गॅडस मोरहुआ) हा उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यातील मासा आहे. नॉर्वे, आइसलँड आणि कॅनडाचे न्यूफाउंडलंड बेट या किनाऱ्यांवर शेकडो वर्षे त्याची मासेमारी चालत आली आहे. आपल्या समुद्रात तो नाही, पण कॉड लिव्हर ऑइलची बाटली अनेक घरांत कधी ना कधी आलेली असते. हे तेल म्हणजे या माशाच्या यकृतातील चरबी. मादी किती अंडी घालणार, हेही बऱ्याच अंशी याच चरबीवर ठरते.

‘थंड पाण्यातील मासे’ म्हटले की आपल्याला हिमाचल, काश्मीर, उत्तराखंडातील ट्राऊट आठवतो. त्याचे प्रजनन कॉडपेक्षा अगदी वेगळे आहे. ट्राऊटची मादी दर किलो वजनामागे साधारण दीड ते दोन हजार अंडी देते. अंडी वाटाण्यासारखी मोठी असतात, नदीच्या तळाशी खडीत पुरली जातात आणि पिल्लाला भरपूर बलकाची शिदोरी मिळते. कॉडची पाच किलोची मादी मात्र एका हंगामात सुमारे २५ लाख अंडी सोडते. प्रत्येक अंड्याचा व्यास जेमतेम दीड मिलिमीटर असतो. अंडी उघड्या समुद्रात सोडली जातात आणि त्यांची राखण कोणी करत नाही.

अंडाशय भरण्याचा काळ

नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात चरणारे कॉड हे उदाहरण आपण घेऊ. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की मोठ्या माशांच्या अंडाशयात बलक साठू लागतो. यकृत बलकाची प्रथिने तयार करते आणि ती रक्तावाटे अंडाशयात पोहोचतात. कॉडच्या मांसात चरबी एक टक्क्याहूनही कमी असते. सगळी साठवण यकृतात. म्हणून उन्हाळ्यात कॅपेलिनसारखे चरबीदार छोटे मासे खायला मिळाले तर यकृत भरते आणि गाबोळीही भरते. खाद्य तोकडे पडले तर मादी कमी अंडी तयार करते. उपासमार जास्त झाली तर प्रौढ मादी त्या वर्षी प्रजननच टाळते. माजावर न येणारी हडकुळी म्हैस ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. विस्तार कार्यकर्त्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे : समुद्रात प्रौढ माद्या किती आहेत, एवढ्यावरून अंड्यांचा अंदाज बांधता येत नाही. त्या किती पोसलेल्या आहेत, हेही पाहावे लागते.

लोफोटेनचा हंगाम

जानेवारीपासून हे मासे शेकडो किलोमीटर दक्षिणेला नॉर्वेच्या लोफोटेन बेटांकडे येतात. वाटेत ते फारसे खात नाहीत. अंडी सोडण्याचा जोर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो. वरचे किनारी पाणी फार थंड आणि खालचे अटलांटिकचे पाणी त्याहून उबदार असते. या दोन थरांच्या मध्ये, साधारण ४ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात, माशांचे थवे जमतात. नर वाताशयाभोवतीचे स्नायू थरथरवून ढोलकीसारखा घुमणारा आवाज काढतात. मादी नराची निवड करते, नर तिच्या पोटाखाली उलटा होऊन पोहतो आणि अंडी व शुक्र एकाच वेळी पाण्यात सोडले जातात. मोठ्या आवाजाने किंवा थव्यातून ओढलेल्या जाळ्याने ही जुळणी मोडू शकते, म्हणून प्रजननस्थळी मासेमारी कशी होते याला महत्त्व आहे.

मादी सगळी अंडी एकदम सोडत नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक हप्ता, असे पंधरा-वीस हप्ते दीड-दोन महिने चालतात. पाऊस नेमका कधी पडेल हे ठाऊक नसलेला शेतकरी थोडी थोडी पेरणी टप्प्याटप्प्याने करतो, तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक हप्त्याआधी त्या खेपेची अंडी पाणी शोषून कित्येक पटींनी फुगतात. बलकातील काही प्रथिने फुटून अमिनो आम्ले मोकळी होतात आणि ती पाणी आत ओढून घेतात. त्यामुळे अंडे समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके होऊन वर तरंगते. पूर्वी माशांची अंडी तळाशीच असतात असा समज होता. कॉडची अंडी तरंगतात हे १८६०च्या दशकात नॉर्वेचे शास्त्रज्ञ गेऑर्ग ओसियन सार्स यांनी लोफोटेनमध्येच दाखवून दिले.

अंड्यातून बाहेर आल्यावर

५ अंश तापमानात अंडी उबण्यास साधारण अडीच आठवडे लागतात. पाणी गार असेल तर जास्त दिवस, उबदार असेल तर कमी. बाहेर येणारी अळी चार-पाच मिलिमीटरची असते. बलक आठवडाभर पुरतो, आणि तो संपेपर्यंत तिला योग्य आकाराचे खाद्य सापडलेच पाहिजे. हे खाद्य म्हणजे कॅलॅनस या सूक्ष्म प्राणीप्लवकाची पिल्ले. कॅलॅनस हिवाळा खोल पाण्यात काढतो आणि वसंतात वर येऊन अंडी घालतो. तो वर येण्याची आणि कॉडची अळी बाहेर पडण्याची वेळ जुळली तर पिढी तगते, नाहीतर उपाशी मरते.

नॉर्वेचे योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये हाच मुद्दा मांडला. एखाद्या वर्षी मासे मुबलक आणि एखाद्या वर्षी दुर्मीळ का होतात, याचे उत्तर अंड्यांच्या संख्येपेक्षा अळीच्या पहिल्या दिवसांत शोधा, असे त्यांचे म्हणणे होते. हेरिंग माशाची १९०४ सालची एकच पिढी पुढे अनेक वर्षे जाळ्यांत भरभरून येत राहिली. पहिल्या खाद्याचा काळ हाच सर्वांत निर्णायक, हे त्यांचे मत आज जसेच्या तसे कोणी धरत नाही. अळी पुढे दुसऱ्या माशांच्या तोंडीही मोठ्या संख्येने जाते. पण सगळ्या पिढ्या सारख्या नसतात, ही गोष्ट आजही मत्स्यव्यवस्थापनाचा पाया आहे.

लोफोटेनच्या अळ्या प्रवाहाबरोबर उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात वाहत जातात आणि शरद ऋतूत तळाशी स्थिरावतात. तिथून प्रौढ होऊन परत यायला त्यांना साधारण सहा-सात वर्षे किंवा जास्त लागतात.

हॅचरीचा प्रयोग

‘मग हॅचरीत पिल्ले काढून समुद्रात सोडली तर?’ हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. नॉर्वेच्या फ्लोडेविगेन येथे गुंडर डॅनेविग यांनी १८८०च्या दशकात नेमके हेच सुरू केले. बलक असलेल्या कॉडच्या अळ्या कोट्यवधींच्या संख्येने समुद्रात सोडल्या जात. हे काम १९७१ पर्यंत चालले. त्यामुळे मासे वाढल्याचे ठामपणे दिसले नाही. अंडी उबण्याची अडचण मुळात नव्हतीच. अडचण त्यापुढच्या काही आठवड्यांत होती, आणि अळ्या तिथेच सोडल्या जात होत्या. मत्स्यबीज सोडण्याची कोणतीही योजना आखताना हे उदाहरण समोर ठेवावे, असे मला वाटते.

पिंजऱ्यातील कॉडपालनाची गोष्ट वेगळी. तिथे खाद्य भरपूर मिळत असल्याने मासे दोन वर्षांतच प्रौढ होतात. अंगावर चढायचे मांस गाबोळीत जाते आणि उत्पादन घटते. त्यावर उपाय म्हणून पिंजऱ्यांवर दिवस-रात्र दिवे लावतात, म्हणजे दिवस लहान होत असल्याची खूण माशाला मिळत नाही व प्रजनन लांबते. अळ्यांना सुरुवातीला कोरडे खाद्य चालत नाही, जिवंत रोटिफर द्यावे लागतात. ट्राऊटपालनाच्या तुलनेत इथला खर्च वाढतो तो यामुळेच.

लाखो अंड्यांचा फसवा हिशोब

लंडनला १८८३ मध्ये भरलेल्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्स्ली या नामवंत शास्त्रज्ञाने कॉडसारखी मोठी मासेमारी बहुधा कधीच संपणार नाही, असे मत मांडले होते. आता साधा हिशोब करा. समजा एक मादी पाच हंगाम जगली आणि दर हंगामात २५ लाख अंडी दिली. एकूण सव्वा कोटी. साठा आहे तेवढाच राहायचा असेल तर त्यातून सरासरी दोनच मासे प्रौढ व्हायला हवेत. म्हणजे ही लाखो अंडी शिल्लक भांडवल नव्हे, मरतुकीचा खर्च आहे. पाचऐवजी एकच हंगाम जगू दिले, तर ती दोन पिल्ले ज्या वर्षी तगायची ते चांगले वर्ष हुकण्याचा धोका वाढतो.

यात वयाचाही भाग आहे. पहिल्यांदा अंडी देणाऱ्या मादीचे हप्ते कमी, हंगाम आखूड आणि अंडी लहान असतात. त्यांचे फलन व उबवणही कमी होते. मोठ्या, अनुभवी माद्या जास्त दिवस अंडी देतात, म्हणून कॅलॅनसची वेळ गाठण्याची त्यांची शक्यता जास्त. दहा किलोची एक मादी म्हणजे दोन किलोच्या पाच माद्या, हे गणित बाजारात ठीक आहे, समुद्रात नाही.

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याबाहेर हे घडताना जगाने पाहिले. १९६८ मध्ये तिथून सुमारे ८ लाख टन कॉड काढला गेला. मोठी ट्रॉलर जहाजे प्रजननासाठी जमलेल्या थव्यांवर जाळी टाकत होती. मोठ्या माद्या संपत गेल्या आणि उरलेले मासे कमी वयात, लहान आकारात प्रौढ होऊ लागले. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने तेथील कॉडची व्यावसायिक मासेमारी बंद केली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून लागू केलेली ही बंदी २०२४ मध्ये उठली, तीही मर्यादित कोट्यासह.

प्रजननस्थळी मासेमारी केली म्हणजे साठा संपलाच, असे मात्र नाही. लोफोटेनमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ अंडी देणाऱ्या कॉडचीच मासेमारी होते. प्रश्न साठ्यातला किती वाटा आणि किती वयाचे मासे काढले जातात, हा आहे.

गाबोळी कशी ओळखावी

पापलेट, सुरमई यांसारख्या आपल्या माशांची अंडीही पाण्यात तरंगणारी असतात. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीविषयी बंदरावर बोलताना गाबोळीची पाहणी उपयोगी पडते. कॉडचे महिने आणि तापमान आपल्याकडे लागू होत नाही, पण गाबोळीच्या अवस्था ओळखण्याची रीत तीच. बारीक, अर्धपारदर्शक आणि दाणे न दिसणारी गाबोळी अपक्व असते. दाणे अपारदर्शक आणि पिवळसर असतील तर बलक भरतो आहे. अपारदर्शक दाण्यांत काचेसारखे पारदर्शक दाणे मिसळलेले दिसले तर मादी लवकरच, बहुधा एक-दोन दिवसांत, एक हप्ता सोडणार होती. सैल, रक्ताळलेली, जवळजवळ रिकामी पिशवी दिसली तर हंगाम उरकला आहे. प्रत्येक नोंदीसोबत तारीख, माशाची लांबी, वजन आणि यकृताचे वजन लिहावे. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदींवरून आपल्या बंदरात कोणत्या आकाराला मासा प्रौढ होतो आणि तो आकार घटतो आहे का, हे सांगता येते.