अंडाशय-अर्बुदातील वाहिनीजननाचे श्राव्यातीत चित्रण
अंडाशयाच्या गाठीत नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांचा सोनोग्राफीने केलेला अभ्यास. एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढण्यासाठी अर्बुदाला स्वतःचा रक्तपुरवठा उभारावा लागतो, ही कल्पना जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली (पहा : कर्करोग). घाईने वाढलेल्या या वाहिन्यांच्या भित्तीत स्नायूंचा थर अपुरा असतो. त्यामुळे हृदय शिथिल असतानाही प्रवाह ओसरत नाही आणि रोधांक (वाहिनीतील प्रवाहाला होणारा रोध दाखवणारा अंक) घटतो. रंगीत डॉप्लर तपासणीत (पहा : डॉप्लर परिणाम) तो ०.४ च्या खाली आला की गाठ मारक मानावी, असा आडाखा पुढे आला. पण तो एकटा भरवशाचा नाही. अंडमोचनानंतर तयार होणारा निरुपद्रवी पीतपिंडही नव्या वाहिन्यांवरच पोसतो व तितकाच कमी रोध दाखवतो. म्हणून पाळी चालू असलेल्या स्त्रीची तपासणी पाळी संपताच करणे इष्ट. आकड्यापेक्षा वाहिन्यांची जागा अधिक बोलकी असते : घन भागात किंवा गाठीच्या आतल्या अंकुरात शिरलेला प्रवाह संशयास्पद, केवळ कडेने फिरणारा तितकासा नाही. अंडाशयाच्या अर्बुदांचा अभ्यास करणाऱ्या ‘आयोटा’ या आंतरराष्ट्रीय गटाची, गाठीतील रक्तप्रवाहाचे प्रमाण सांगणारी १ ते ४ ही रंगश्रेणी डोळ्यांनीच ठरते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ती गाठीच्या रचनेसोबत वाचायची असल्याने एकट्या श्रेणीवर निदान अवलंबून राहत नाही. डॉप्लरला न दिसणाऱ्या केशवाहिन्यांसाठी शिरेतून सूक्ष्म वायुबुडबुडे सोडतात. ते जवळपास तांबड्या पेशीएवढे असल्याने वाहिनीबाहेर झिरपत नाहीत.