बँडवाल्याचं नाव काय?



आपल्या वसईकडच्या ख्रिस्ती लग्नात बँड येतो, तेव्हा ट्रम्पेटच्या जोडीला वाकड्या मानेचं एक चकचकीत वाद्य असतं. ते सॅक्सोफोन. अंग पितळेचं, पण आवाज निघतो तो तोंडाशी बसवलेल्या पातळ पत्तीतून. म्हणून त्याचा सूर सनईसारखा काळजाला भिडतो. आज हेच वाद्य वाजवणाऱ्या एका गोवेकराची गोष्ट ऐकू या.

त्यांचं नाव ब्राझ गोन्साल्विस. गाव नेवरा. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना गाण्याची लिपी वाचायला शिकवत. त्या विद्येवर कितीतरी गोवेकर पोट भरायला मुंबई-कोलकात्याला गेले, हॉटेलांत जाझ वाजवू लागले.

जाझ म्हणजे काय? जात्यावरची ओवी आठवा. चाल तीच, पण प्रत्येक बाई आपल्या मनातलं त्यात घालते. जाझमध्येही धून ठरलेली असते, आणि वादक त्या क्षणी सुचेल तसे सूर घालतो. आपला गवई राग फुलवतो, तोही असाच. गोन्साल्विसांनी हे नातं ओळखलं. १९७० साली त्यांच्या वाद्यवृंदाची ‘रागा रॉक’ ही तबकडी निघाली. विलायती वाद्यावर आपले राग!

पण तिचं कौतुक करणार कोण? जाझचे श्रोते थोडे, तेही मोठ्या शहरांतले. रागदारीच्या मैफलीत सॅक्सोफोनला जागा नाही, आणि घराघरांत वाजायचं ते सिनेमाचं गाणं. आज मात्र जाणकार ही तबकडी भारतीय जाझच्या वाटचालीतलं मोलाचं पाऊल मानतात, जुन्या तबकड्या जमवणारे ती शोधत फिरतात.

सिनेमाच्या गाण्यांतही हेच वादक होते. ब्राझ यांची पत्नी इव्हॉन स्वतः गायिका, आणि ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची मुलगी. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये चिक आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. संगीतकार सी. रामचंद्र आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण त्या गाण्यांत वाजवणाऱ्या बहुतेकांची नावं पडद्यावर कधी आलीच नाहीत. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात मुंबईच्या जाझवाल्यांची कहाणी लिहिली, तोवर त्यातले कितीतरी वादक हे जग सोडून गेले होते.

मैत्रिणींनो, बचत गटाच्या वहीत आपण रुपया न् रुपया लिहितो. तशीच एक वही गावातल्या वाजवणाऱ्यांची, गाणाऱ्या आजींची ठेवू या. नाव काय, शिकवलं कोणी, कोणती चाल येते, एवढंच लिहायचं. पुढच्या लग्नात सॅक्सोफोनवाला दिसला, की त्याला चहा द्या आणि नावही विचारा.