बोटुकली घेताय? आधी तोंड बघा : कटला, रोहू, मृगळ असे ओळखा

पैठण : नाथसागर असो की शेततळं, कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे बहुतेक ठिकाणी एकत्रच सोडतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. त्यामुळे कुणी कुणाच्या घासावर येत नाही. पण तिन्हींच्या नावाखाली एकाच जातीचं बीज आलं, तर एका थरात गर्दी होते, बाकीचं खाद्य वाया जातं आणि वजन भरत नाही. म्हणून जात ओळखता आली पाहिजे.

कटला : डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, खालचा जबडा पुढे आलेला. मिशा नसतात.

रोहू : डोकं लहान, तोंड किंचित खाली. ओठ जाड, कडेला झालर. मोठेपणी खवल्यांवर तांबूस झाक.

मृगळ : अंग सडपातळ, चंदेरी. ओठ पातळ, झालर नाही. रोहूशी गल्लत होते ती इथंच.

सिल्व्हर कार्प कधी कटला म्हणून खपवला जातो. त्याचे खवले अगदी बारीक, डोळे डोक्याच्या खालच्या बाजूला असतात. तोही वरच्याच थरात खातो, म्हणजे कटल्याचा थेट वाटेकरी.

मत्स्यजिरे फारच बारीक असतात, त्यात जात कळत नाही. त्यामुळे बोटुकलीच घ्यावी. घमेल्यात पाणी घेऊन दहा-वीस बोटुकल्या सोडाव्यात, एकेकीचं तोंड उजेडात बघावं. पैसे त्यानंतर मोजावेत.