एचआयव्ही, कर्करोग आणि पांढऱ्या पेशींची घट

एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या परिचयाचा रक्तातील आकडा म्हणजे सीडी-४ पेशींचा. मात्र अशा व्यक्तीला कर्करोग होऊन केमोथेरपी सुरू झाली, की न्यूट्रोफिल पेशींचा दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा ठरतो. या दोन आकड्यांची गल्लत जिवावर बेतू शकते.

दोन पेशी, दोन कामे

दोन्ही पांढऱ्या पेशीच. परंतु त्यांची कामे वेगळी आहेत. सीडी-४ पेशी प्रतिकारशक्तीला दिशा देतात. क्षय, बुरशी व विषाणूंपासून संरक्षणासाठी त्या आवश्यक असतात. न्यूट्रोफिल पेशी शरीरात शिरलेल्या जिवाणूंवर पहिला हल्ला चढवतात. निरोगी प्रौढाच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी न्यूट्रोफिल १,५००च्या खाली गेल्या, तर त्या अवस्थेला ‘न्यूट्रोपेनिया’ म्हणतात. ५००च्या खालची पातळी गंभीर होय. अहवालात एकूण पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर खरा आकडा ६०० होतो. केवळ एकूण पेशी पाहून निर्धास्त राहता येत नाही.

घट कशामुळे?

कापोसी सार्कोमा, नॉन-हॉजकिन लिम्फोमा आणि गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग हे एड्सशी निगडित प्रमुख कर्करोग आहेत. त्यांच्यावरील केमोथेरपीची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी नष्ट करतात. अस्थिमज्जेतील पेशीही त्यातून सुटत नाहीत. मुळात एचआयव्ही, क्षय किंवा मज्जेत शिरलेला लिम्फोमा यांमुळे ही मज्जा आधीच दुबळी झालेली असू शकते.

त्यात औषधांची भर पडते. १९८७ साली मान्यता मिळालेले झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरील पहिले औषध मज्जेवर दुष्परिणाम करते; म्हणून केमोथेरपीच्या काळात ते टाळतात. रिटोनाव्हिर आणि कोबिसिस्टॅट ही औषधे काही केमोथेरपी औषधांचा शरीरातील निचरा मंदावतात. त्यामुळे पेशींची घट अधिक तीव्र होते. यावर एचआयव्हीची औषधे बंद करणे हा उपाय नव्हे. ती बदलून घेणे हा उपाय आहे. डोल्युटेग्रॅव्हिरसारख्या औषधांचा केमोथेरपीशी फारसा संघर्ष होत नाही.

ताप म्हणजे आणीबाणी

केमोथेरपीनंतर सर्वसाधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान न्यूट्रोफिल नीचांकी पातळीवर येतात. या काळात एकदाच जरी १०१ अंश फॅरनहाइट ताप आला, किंवा १००.४ अंश ताप तासभर टिकला, तर रात्र असो वा दिवस, रुग्णालय गाठणे आवश्यक असते. न्यूट्रोफिल नसल्याने पू, सूज, लाली ही नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही; कित्येकदा ताप हीच एकमेव सूचना असते. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेवाटे प्रतिजैविके सुरू व्हावीत, असा दंडक आहे. घरीच पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहिल्यास ताप झाकला जातो आणि मोलाचा वेळ हातचा जातो.

उपचार कोणते?

अमेरिकेत १९९१ साली मान्यता मिळालेले फिलग्रास्टिम हे इंजेक्शन मज्जेला न्यूट्रोफिल तयार करण्यास चालना देते. केमोथेरपी संपल्यानंतर किमान २४ तासांनी ते रोज देण्यास सुरुवात करतात. पेगफिलग्रास्टिम प्रत्येक फेरीत एकदाच द्यावे लागते. हाडे दुखणे हा त्यांचा सामान्य दुष्परिणाम. या इंजेक्शनांनी सीडी-४ मात्र वाढत नाहीत. गरजेनुसार पुढील डोस कमी केला जातो किंवा लांबवला जातो.

दोन्ही आकडे एकत्र का पाहावेत, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीतून दिसले. एचआयव्हीबाधितांच्या लिम्फोमावर नेहमीच्या केमोथेरपीला रिटुक्सिमॅबची जोड दिली, तेव्हा संसर्गाने १४ टक्के रुग्ण दगावले. जोड नसलेल्या गटात हे प्रमाण २ टक्के होते. सीडी-४ पेशी ५०पेक्षा कमी असणाऱ्यांना धोका विशेष होता. पुढे प्रतिबंधक औषधांची जोड देऊन हे उपचार अधिक सुरक्षित करण्यात आले. म्हणूनच न्यूमोनियापासून संरक्षण करणाऱ्या को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत.

घरची काळजी

वारंवार साबणाने हात धुणे, ताजे शिजवलेले अन्न, उकळून गार केलेले पाणी, तोंडाची स्वच्छता आणि आजारी व्यक्तींपासून अंतर ही पथ्ये उपयुक्त आहेत. न्यूट्रोफिल वाढवणारा कोणताही विशिष्ट आहार अथवा काढा सिद्ध झालेला नाही. एनिमा टाळावा. घरात तापमापक असावा.

अनेकदा कर्करोगाचे डॉक्टर व एआरटी केंद्र वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि भीतीपोटी रुग्ण एकाची माहिती दुसऱ्याला देत नाही. हे लपवणे घातक ठरते. एचआयव्हीबाधिताला उपचार नाकारण्यास व भेदभाव करण्यास २०१७च्या कायद्याने मनाई केली असून माहितीच्या गोपनीयतेचेही संरक्षण दिले आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. दोन्ही ठिकाणच्या औषधांची एकच यादी जवळ बाळगावी आणि ती दोन्ही डॉक्टरांना दाखवावी. पांढऱ्या पेशी घटल्या तरी वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेकदा पुढील फेरीपर्यंत त्या सावरतात.